तपासणीची तारीख सांगा

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान कळवले. जगातला आजवरचा अधिकृत उच्चांक ५६.७ अंशांचा आहे, तोही १९१३ साली अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत नोंदलेला. नागपूरकर त्या विक्रमाच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचल्याची बातमी फोनाफोनी देशभर पसरली. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंशांचा आकडा दिला होता. हवामान खात्याने मुंगेशपूरला माणसे धाडली, तिथल्या संवेदकाशेजारी प्रमाणित उपकरण ठेवून दोन्हींची तुलना केली, तेव्हा संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. नागपूरचा आकडाही संवेदकातल्या बिघाडाचाच निघाला.

चूक सापडली ती अशी. कोणीतरी हातात उपकरण घेऊन प्रत्यक्ष त्या जागेवर गेले म्हणून. दिल्लीतल्या किंवा नागपुरातल्या पडद्यासमोर बसून एवढेच म्हणता आले असते, की हा आकडा संशयास्पद वाटतो. तो किती चुकला आणि का चुकला, हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

राज्यातल्या डोंगरमाथ्यांवर, नद्यांच्या पुलांवर, धरणांच्या भिंतींवर आणि शेतांच्या बांधांवर आज अशी हजारो उपकरणे उभी आहेत. कोणी पाऊस मोजते, कोणी नदीची पातळी, कोणी वारा, तापमान, आर्द्रता. ठरलेल्या वेळी ती आपापला आकडा मोबाइलच्या नेटवर्कवरून किंवा उपग्रहामार्फत कार्यालयात धाडतात. ती चालू ठेवण्याचे, पुसण्याचे, जुळवण्याचे काम करणारे तंत्रज्ञ मात्र ना बातमीत दिसतात ना अंदाजपत्रकात. दूरस्थ मापनावर महाराष्ट्र आणि केंद्र सरकार यांनी गेल्या तीन दशकांत मोठा पैसा घातला आहे. त्या पैशाचे सार्थक व्हायचे असेल तर या तंत्रज्ञाची नेमणूक, त्याचे प्रशिक्षण आणि त्याच्या फेऱ्यांची नोंद या तीन गोष्टींकडे आता गांभीर्याने पाहावे लागेल. आणि लोकांसमोर येणाऱ्या प्रत्येक आकड्याशेजारी ते उपकरण शेवटचे कधी तपासले, ती तारीख छापावी लागेल.

जाळे कसे उभे राहिले ते आधी पाहू. १९९५ साली जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व नदीपातळी तत्क्षणी कळवणारी यंत्रणा बसवली गेली. २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प आला, त्याचा मूळ आराखडा ३,६८० कोटी रुपयांच्या घरातला. याखेरीज केंद्रीय जल आयोगाची स्वतःची केंद्रे आहेत, हवामान खात्याची आहेत, मुंबई महापालिकेची आहेत. महसूल मंडळाच्या पातळीवर हवामान मोजणाऱ्या ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. एका राज्याच्या दृष्टीने हे जाळे छोटे नाही.

त्याची गरज का पडली, हे मुंबईला सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरातली ही दोन केंद्रे. कुलाब्याचा आकडा पाहून कोणी निर्धास्त बसला असता तर त्याला दोष देता आला नसता, कारण तो आकडा बरोबरच होता. मधल्या शहराचे काय चालले आहे, ते सांगायला पुरेशी उपकरणे नव्हती. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले गेले. पाऊस कुठे किती पडतो आहे, हे मुंबईत आज बसल्या जागी पाहता येते.

कोल्हापूर-सांगलीत तर पातळीचे आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. जुलै-ऑगस्टमध्ये ‘पाणी किती फुटांवर?’ हाच नमस्कार असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि आयर्विन पुलाची ५७ च्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस पाण्याखाली राहिला. अशा वेळी पातळी इंचाने वाढते की दोन इंचांनी, यावर जनावरे कधी सोडायची, माडीवर कधी चढायचे, घर कधी रिकामे करायचे, हे ठरते. ज्या आकड्यावर लाखो माणसे इतका भरवसा टाकतात, तो आकडा देणाऱ्या उपकरणाची देखभाल कोण करते, याची चौकशी मात्र पूर ओसरल्यावर कोणी करीत नाही.

हे काम प्रत्यक्षात काय असते, ते एका पर्जन्यमापकापुरते जवळून पाहण्यासारखे आहे.

स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली एका आसावर तोललेली दोन छोटी पात्रे असतात. एक भरले की कलंडते, रिकामे होते आणि दुसरे त्याच्या जागी येते. प्रत्येक कलंडण्याची विद्युत नोंद होते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल आणि एका कलंडण्याला अर्धा मिलिमीटर पाऊस धरायचा असेल, तर पात्रात नेमके १० मिलिलिटर पाणी मावायला हवे. म्हणून तपासणीला गेलेला तंत्रज्ञ मोजून एक लिटर पाणी बरोबर नेतो आणि ते अगदी बारीक धारेने नरसाळ्यात सोडतो. नोंद १०० भरली पाहिजे. ९२ भरली तर खालचे स्क्रू फिरवून पात्रांची उंची जुळवायची आणि पुन्हा एक लिटर सोडायचे. घाई चालत नाही. धार मोठी झाली की पात्र कलंडत असतानाच थोडे पाणी निसटते आणि मोजमाप कमी भरते. मुसळधार पावसात हे उपकरण मुळातच थोडे कमी मोजते ते याच कारणाने. ती तूट किती, हे तपासूनच दुरुस्तीचे कोष्टक करावे लागते.

या सगळ्याच्या आधी नरसाळे साफ करायचे असते. सह्याद्रीत एक ओले पान पुरते. पक्ष्यांची विष्ठा, शेवाळ, गांधीलमाशीचे घर, मुंग्यांनी आणलेली माती, यातले काहीही त्या बारीक छिद्रावर बसले की पाणी थेंबथेंब गळते किंवा गळतच नाही. उपकरण मात्र चालूच असते. बॅटरी भरलेली, सिमकार्डाला नेटवर्क, दर पंधरा मिनिटांनी संदेश वेळेवर पोहोचतो आहे आणि त्या संदेशात लिहिलेले असते: पाऊस ०.० मिलिमीटर. कार्यालयातल्या पडद्यावर त्या केंद्राचा ठिपका हिरवाच राहतो. बंद पडलेले उपकरण निदान आपण बंद असल्याचे कळवते. तुंबलेला पर्जन्यमापक कोरड्या दिवसाची खोटी साक्ष देतो, आणि ती साक्ष खोटी आहे हे कळायला शेजारचे केंद्र तरी लागते किंवा तिथे जाऊन आलेला माणूस तरी.

कोयना धरणाच्या पाणलोटाचा विचार केला की याचे वजन कळते. पावसाळ्यात रोजच्या वर्तमानपत्रात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे येतात. १०५.२५ टीएमसीच्या या धरणात पाणी किती वेगाने येणार, दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे याच पावसावरून ठरते. उघडलेल्या दरवाज्यांचे पाणी कऱ्हाडमार्गे सांगलीकडे जाते. पाटण तालुक्यातले पाथरपुंज हे जंगलातले गाव २०१९ साली एकदम चर्चेत आले, कारण तिथल्या पर्जन्यमापकाने त्या हंगामात सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला आणि चेरापुंजीशी तुलना सुरू झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या अशा ठिकाणी ऐन पावसात पोहोचणे म्हणजे काय, हे तिथल्या रस्त्यांवरून गेलेल्यालाच ठाऊक. वाट वाहून जाते, जळवा लागतात, धुक्यात चार पावलांपलीकडचे दिसत नाही. उपकरण बिघडण्याचा मोसमही नेमका तोच. दहा-पंधरा दिवस सूर्य दिसला नाही की सौर पॅनेल बॅटरी भरत नाही, वीज गेली की मोबाइलचा टॉवर बंद पडतो. माहिती सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच ती थांबण्याची भीती सर्वांत जास्त असते.

नदीवरची कथा वेगळी, पण तितकीच नाजूक. पुलाच्या कठड्याला लोखंडी हात बसवून त्याच्या टोकाला रडार संवेदक टांगलेला असतो. तो खाली लहरी सोडतो, पाण्यावरून त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, आणि संवेदकाच्या उंचीतून ते अंतर वजा केले की पाण्याची पातळी मिळते. संवेदकाची उंची मात्र समुद्रसपाटीपासून काटेकोर माहीत असावी लागते. एखाद्या ट्रकचा धक्का लागून तो हात चार बोटे वाकला तर त्यानंतरच्या सगळ्या पातळ्या तेवढ्याच चुकतात. खाली जलपर्णीचा तवंग अडकला तर संवेदक पाण्याऐवजी पानांपर्यंतचे अंतर सांगतो. यावर उपाय जुनाच आहे: काठावर उभारलेली रंगवलेली मोजपट्टी. तंत्रज्ञ जातो, पट्टीवरची पातळी डोळ्यांनी वाचतो, संवेदकाच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि फरक वहीत लिहितो.

पातळी कळली तरी काम अर्धेच होते. पूर किती येणार हे सांगायला विसर्ग लागतो, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहते ते. विसर्ग कोणताही संवेदक थेट मोजत नाही, तो पातळीवरून काढला जातो. अमुक पातळीला तमुक विसर्ग असा आलेख प्रत्येक ठिकाणासाठी आधी तयार करावा लागतो आणि तो तयार करायला माणसे नदीत उतरतात. होडीतून, पुलावरून किंवा दोरखंडाच्या पाळण्यातून नदीचे आडवे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची खोली मोजायची आणि पृष्ठभागापासून खोलीच्या सहादशांश अंतरावर करंट मीटर धरून वेग घ्यायचा, कारण तिथला वेग त्या उभ्या रेषेतल्या सरासरी वेगाच्या सर्वांत जवळचा असतो. हे उन्हाळ्यात करून भागत नाही. पुराच्या पाण्यातही करावे लागते, नाहीतर आलेखाचा वरचा भाग निव्वळ अंदाजाने ओढला जातो. शिवाय नदी स्थिर राहत नाही. वाळू उपसली जाते, गाळ साचतो, काठ ढासळतात, नवा बंधारा होतो. मग जुना आलेख निरुपयोगी ठरतो आणि मोजणी पुन्हा सुरू.

या विसर्गाच्या आकड्यावर दोन राज्यांचे संबंध अवलंबून असतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात दर मोठ्या पुरानंतर वाद होतो. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला राज्याने नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली. शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी पुढे गेले, अलमट्टीत किती आले आणि तिथून किती सोडले, यावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हवे असेल तर मोजणी कोणी, कधी आणि कोणत्या तपासलेल्या उपकरणाने केली हे दोघांनाही दाखवता आले पाहिजे. आकड्यावर विश्वास नसला की ती जागा भाषणे घेतात.

आता या जाळ्याची अवस्था. पूरनियंत्रण आणि पूरअंदाजाच्या योजनांवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१७ साली संसदेत मांडला गेला. ३७५ दूरमापन केंद्रांपैकी २२२, म्हणजे ५९ टक्के केंद्रे ऑगस्ट २०१६ मध्ये बंद असल्याचे त्यात नमूद आहे. ती केंद्रे विकत घेतली होती, बसवली होती, त्यांचे उद्घाटनही झाले असेल. ऑगस्ट हा ऐन पुराचा महिना, आणि त्यातच पाचातली तीन केंद्रे मुकी होती.

असे का होते, याचे उत्तर खरेदीच्या पद्धतीत आहे. उपकरणे प्रकल्पाच्या पैशातून येतात आणि प्रकल्पाला मुदत असते. पुरवठादाराकडेच काही वर्षांची देखभाल सोपवली जाते. तेवढ्या काळात त्याची माणसे फिरतात. मुदत संपली की निधीचे शीर्ष बदलते, सुटे भाग मिळेनासे होतात, नोंदी साठवणाऱ्या डेटा लॉगरचा पासवर्ड कोणाकडे आहे हेही कळत नाही. ज्यांना केंद्रांची खडान्‌खडा माहिती होती ते कंत्राटी तंत्रज्ञ दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. मग पुढच्या प्रकल्पात त्याच पुलावर नवे उपकरण बसते आणि जुन्याचा खांब गंजत उभा राहतो. भांडवली खर्चाला मंजुरी मिळवणे सोपे आणि वीस रुपयांच्या ब्रशसाठी, पेट्रोलसाठी, बदली बॅटरीसाठी दरमहा पैसे मिळवणे अवघड, असा हा उलटा हिशेब आहे.

चोरीचाही प्रश्न आहे. सौर पॅनेल आणि बॅटरी या गावात कामाच्या वस्तू आहेत. कुंपण आणि कुलूप त्यांना फार काळ राखू शकत नाहीत. ज्या केंद्राचा तंत्रज्ञ नेहमी येतो, सरपंचांशी बोलतो, शाळेतल्या मुलांना उपकरण उघडून दाखवतो, ‘पाटील, यंदा तुमच्याकडे चारशे मिलिमीटर झाला’ असे येता-जाता सांगतो, त्या केंद्राकडे गावाचे लक्ष राहते. हे काम कंत्राटाच्या कलमात लिहिता येत नाही. त्याच माणसाने त्याच परिसरात काही वर्षे काढली तरच ते होते.

चुकीच्या आकड्याची किंमत पुरातच मोजावी लागते असेही नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत पीककापणीचे प्रयोग नसतात. ठरलेल्या काळात तापमान इतक्या अंशांच्या वर सलग इतके दिवस राहिले, किंवा अवेळी पाऊस इतक्या मिलिमीटरचा झाला, तर भरपाई. हे ठरवते महसूल मंडळातले संदर्भ हवामान केंद्र. रावेर-यावलचा केळीवाला, नाशिक-तासगावचा द्राक्ष बागायतदार, कोकणातला आंबेवाला, या सगळ्यांचे पैसे त्या एका खांबावर अवलंबून असतात. तापमानाचा संवेदक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या हवेत, पांढऱ्या झडपांच्या आवरणात असावा लागतो. त्या झडपांवर धूळ बसून त्या पिवळ्या पडल्या, शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली किंवा झाडाची सावली पडू लागली की आकडा वर-खाली होतो. एखाद्या अंशाच्या फरकाने शेकडो बागायतदारांची भरपाई मिळते किंवा हुकते. विमा कंपनीलाही चुकीच्या आकड्याचा भुर्दंड बसू शकतो. म्हणजे दोन्ही बाजूंना प्रामाणिक, तपासलेले माप हवे आहे. असे असताना शेतकऱ्याला आपल्या मंडळातल्या केंद्राची शेवटची तपासणी कधी झाली, हे घरबसल्या कळण्याची सोय असू नये, हे अन्यायाचे आहे.

धरणांच्या बाबतीत तर माणसाची जागा उपकरण घेऊच शकत नाही. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी एका चरात गोळा करून इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेतल्या उंचीवरून झिरपा किती ते काढतात. तिथे संवेदक बसवता येतो आणि तो बसवावाच. पण झिरप्याचे प्रमाण तेच राहून पाणी गढूळ होऊ लागले, तर धरणाच्या पोटातली माती वाहून येत असल्याची ती खूण असते. फक्त उंची मोजणारा संवेदक ती टिपत नाही. चरापाशी उभा असलेला माणूस ती पाहतो, बाटलीत नमुना घेतो आणि फोन उचलतो. १९६१ ची पानशेतची धरणफुटी आणि २०१९ ची तिवरेची धरणफुटी यांच्यामध्ये ५८ वर्षे गेली. तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली आला, त्याने मोठ्या धरणांवर किमान उपकरणे आणि जलहवामान केंद्रे बंधनकारक केली. उपकरणे लागतील. ती वाचणारी आणि त्यांच्या आसपास फिरणारी माणसे नेमणार की नाही, हे त्या-त्या धरणाच्या मालकाने ठरवायचे आहे आणि बहुतेक ठिकाणी मालक सरकारच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. उपकरणे स्वस्त होत चालली आहेत, ती स्वतःचा बिघाड स्वतः कळवतात, उपग्रह आणि डॉपलर रडार ढगांतला पाऊस दाखवतात, मग डोंगर चढून जाणारी माणसे कशाला? आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. उपग्रह ढगाचे तापमान आणि लहरी पाहून पावसाचा अंदाज बांधतो. पश्चिम घाटात वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि तुलनेने उथळ ढगांतूनही धो-धो कोसळतो. असा पाऊस उपग्रहाच्या अंदाजात कमी भरतो, हे अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. रडारच्या किरणाला डोंगरच आडवा येतो. म्हणून दोन्हींचे अंदाज जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून सुधारावे लागतात. तो पर्जन्यमापकच तुंबलेला असेल तर उपग्रहाचा बरोबर आकडाही चुकीकडे ओढला जातो. उपकरणाच्या स्व-तपासणीबद्दल बोलायचे तर ती बॅटरीचा दाब आणि तारेचे तुटणे ओळखते. नरसाळ्यातले पान आणि पुलाचा वाकलेला हात तिला दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. इतकी कायम पदे सरकारला परवडणार कशी? एका तालुक्यात सगळ्या खात्यांची मिळून किती केंद्रे आहेत, ते आधी एकत्र मांडले पाहिजे. आज हवामान खात्याचा माणूस एका खांबापाशी येतो, जलसंपदेचा त्याच्या शेजारच्या पुलावर, खासगी कंपनीचा पलीकडच्या मंडळात, आणि तिघांचे पेट्रोल वेगवेगळे जळते. तालुक्यागणिक एक-दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ सगळ्या खात्यांची केंद्रे सांभाळू शकतील. खात्यांनी खर्च वाटून घ्यावा. आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहेच. त्याला पर्जन्यमापक, नदीमापन आणि डेटा लॉगर यांची जोड दिली तर स्थानिक मुलामुलींना गावाजवळ कौशल्याची नोकरी मिळेल.

शिकवणाऱ्या संस्था शोधत फिरायलाही नको. खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिथे करंट मीटर प्रमाणित करण्याची सोय आहे. तिथेच राष्ट्रीय जल अकादमी आहे. १९२८ पासून पुण्यात असलेल्या हवामान खात्याच्या कचेरीला उपकरणे घडवण्याचा आणि तपासण्याचा जुना अनुभव आहे. नाशिकला ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था. देशातल्या फार थोड्या राज्यांकडे इतके सगळे एका अंगणात आहे.

आणि मापनासाठी माणसाने दूर जाऊन राहण्याची परंपराही याच राज्यातली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला चुंबकीय पदार्थ टाळून नवी वेधशाळा बांधली गेली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी ठेवली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. जागा बदलताना दोन वर्षे समांतर मोजणी करण्याइतका धीर त्या काळी होता. आज एखाद्या पुलावरचे उपकरण बदलताना जुने आणि नवे दोन आठवडेही शेजारी-शेजारी चालवले जात नसेल, तर पुढच्या पिढीला मिळणारी नोंद तुटक असेल. पाऊस वाढला की उपकरण बदलले, हे तिला सांगता येणार नाही.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक केंद्राला एक जबाबदार तंत्रज्ञ नेमून द्यावा, त्याच्या पदाचे नाव आणि कार्यालयाचा फोन खांबावर रंगवावा. पावसाळ्याआधी पूर्ण तपासणी आणि पावसाळ्यात ठरावीक अंतराने फेरी बंधनकारक करावी. उपकरण खरेदी करताना त्याच्या संपूर्ण आयुष्याच्या देखभालीची तरतूद त्याच मंजुरीत धरावी. पुलावर आणि होडीत काम करणाऱ्यांना जीवरक्षक जाकीट, दोर, विमा आणि रात्रपाळीचा जादा मोबदला द्यावा. पुराच्या रात्री पातळी वाचायला जाणारा तंत्रज्ञ बचाव पथकाइतकाच धोका पत्करतो. संकेतस्थळावर, ॲपवर, वर्तमानपत्रात जिथे-जिथे पावसाचा किंवा पातळीचा आकडा येतो तिथे त्या केंद्राची शेवटच्या तपासणीची तारीख द्यावी. ज्या केंद्राची तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल त्याचा आकडा वेगळ्या रंगात दाखवावा.

यातली शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि तिचा परिणाम सर्वांत लवकर दिसेल. तारीख जाहीर झाली की खात्याला फेरी करावी लागेल, कंत्राटदाराला दांडी मारता येणार नाही, आणि तंत्रज्ञाच्या कामाची नोंद प्रथमच लोकांसमोर येईल. विम्याचा दावा करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पुरावा येईल. पूरअंदाज बांधणाऱ्या अभियंत्याला कोणत्या आकड्यावर किती भार टाकायचा ते कळेल.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी किती, जाकिटे किती, नाल्यांची सफाई किती टक्के, हे सगळे तिथे विचारले जाते. यंदा पालकमंत्र्यांनी, आमदारांनी आणि त्या बैठकीच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांनी त्या यादीत आणखी एक ओळ घालावी: जिल्ह्यातली एकूण मापन केंद्रे, प्रत्येकाची शेवटच्या तपासणीची तारीख आणि ती तपासणी करणाऱ्याचे पद. यादी तयार नसेल तर ती पंधरा दिवसांत मागवावी आणि पहिल्या पावसाआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी.